पहाटे साडेपाचचा जन्म

शिरूरच्या मार्केट यार्डामागं जनावरांच्या खाद्याचा एक जुना कारखाना होता. पाटीवर नाव लांबलचक, पण गावात सगळे त्याला पेंड कारखानाच म्हणत. प्रतिभाचे सासरे दगडोबा, म्हणजे घरातले आप्पा, उमेदीच्या वयात तिथं चिकटले ते तिथंच म्हातारे झाले. काम हॉपरवरचं. मक्याचा भरडा, कोंडा, सरकीची पेंड यांची पोती फोडायची आणि खाली मशीनच्या तोंडात ओतायची. दिवसभर अंगावर इतका भुसा बसायचा, की संध्याकाळी घरी येताना भुवया पांढऱ्या दिसायच्या. अलीकडं त्या धुतल्या तरी पांढऱ्याच राहत होत्या.

प्रतिभाही त्याच कारखान्यात, पण ऑफिसात. तिचं माहेर भांडगावचं. दौंडच्या कॉलेजात शिकताना तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि लग्नानंतर आप्पांनीच मॅनेजरसाहेबांकडं शब्द टाकून तिला आत चिकटवलं. आधी नुसतं टायपिंग होतं. मग पगारपत्रकं आली, रजा आल्या, गाड्यांची आवक-जावक आली. एक काम नीट केलं की त्याच्या शेजारी दुसरं येऊन बसायचं. पीएचपी नावाची, कॉम्प्युटरला थोड्या ओळींत काम सांगायची भाषा तिनं एका जाड पुस्तकावरून घरीच शिकून घेतली होती. कुकरच्या शिट्ट्या मोजत आणि मांडीवर पोराला, स्वराजला थोपटत.

कामगारांच्या निवृत्तीचं काम तिच्याकडं आलं ते जुने कारकून जालिंदर भाऊसाहेब निवृत्त झाल्यावर. भाऊसाहेबांकडं प्रत्येकाचं कार्ड असायचं. उन्हाळ्यात ते पत्र्याचं कपाट उघडायचे, कार्डं चाळायचे आणि ज्याची वेळ भरली त्याला हाक मारून चहा पाजायचे. चहा आला की माणूस काय ते समजायचा. भाऊसाहेब गेल्यावर मॅनेजर निंबाळकरसाहेब तिला म्हणाले, "त्या जागी आता माणूस भरायचा नाही म्हणतात. तू बसव कॉम्प्युटरवर."

तिनं बसवलं. एका तात्पुरत्या ऑपरेटरनं कार्डांवरच्या जन्मतारखा भरल्या आणि प्रतिभानं त्यावर प्रोग्रॅम लिहिला. जन्मतारखेत अठ्ठावन्न वर्षं मिळवायची आणि येत्या महिन्यात कोण निघतंय ते दाखवायचं, एवढंच. तारखेनं तिला सुरुवातीला बराच त्रास दिला. आपण आधी दिवस लिहितो आणि मग महिना. ती भाषा अमेरिकेतल्या माणसांसारखी आधी महिना धरायची. पाच मार्चचा तीन मे व्हायचा. शेवटी तिनं तारीख फोडून साल पुढं आणलं, तेव्हा ते जमलं. मग स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली, बरोबर आली. नवऱ्याची, रविराजची घातली, तीही बरोबर आली. दमलेल्या माणसाला दोनदा बरोबर आलेलं पुष्कळ होतं. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि भाजी घेऊन घरी गेली.

मे महिना जवळ आला. कारखान्यात मे महिना हा मोठा. जुन्या पिढीतल्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून, म्हणजे मेअखेर त्यांची वेळ भरायची, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती तशी लिहून टाकलेली. एप्रिलअखेर प्रतिभानं यादी उघडली. पडद्यावर आलं: येत्या महिन्यात निवृत्त होणारे, कोणी नाही. तिला क्षणभर वाटलं, असं कसं? पण तेवढ्यात वीज गेली, पगाराचं अर्धं काम मशीनच्या पोटात अडकलं, आणि ती त्यामागं लागली. साहेबांनीही विचारलं नाही. मजुरांत मात्र बोलवा उठली की कारखान्यानं म्हाताऱ्यांना दोन वर्षं वाढवून दिली. ज्यांना ते बरं वाटलं ते गप्प राहिले. बाकीचेही गप्पच राहिले.

पावसाळा गेला, दसरा गेला. आप्पा घरी आले की आधी उंबऱ्यावर टेकायचे, मग आत यायचे. मधे थांबल्याशिवाय त्यांना चपला काढता येईना. खोकला सुरू झाला की सासूबाई, झुंबरबाई, गूळ-हळदीचं पाणी पुढं करायच्या आणि बडबडायच्या, "ह्या माणसाला आता झेपंना. कवा सुटायचंय कुणास ठावं." प्रतिभा ऐकायची. तिला वाटायचं, अजून वर्षभर असेल. आपल्या सासऱ्याची जन्मतारीख काय हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. सुनेनं विचारायची ती गोष्ट नव्हे. रविराज कारेगावच्या कंपनीत पाळ्या करायचा, घरी असला की झोपलेला असायचा. घरात सगळ्यांनाच काहीतरी विचारायचं राहून जात होतं.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांच्या, आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन दौंडला झालं. सुट्टीच्या दिवशी त्यांना बघायला जायचं ठरलं. झुंबरबाईंचा गुडघा धरला होता, स्वराज त्यांच्यापाशी राहिला. आप्पा म्हणाले, "मी येतो. पाव्हण्याला बघून येतो."

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणाऱ्या एस्टीत दोघांना शेजारी जागा मिळाली. गाडी गावातला बाजार सोडून जरा पुढं गेली असेल नसेल, आप्पांची मान लवली. खड्डा आला की ते दचकून ताठ व्हायचे, पुन्हा लवायचे. न्हावऱ्याच्या पुढं त्यांचं डोकं सरळ प्रतिभाच्या खांद्यावर आलं. ती ताठरली. सासऱ्याचं डोकं सुनेच्या खांद्यावर, आणि गाडीत ओळखीची माणसं. तिनं पदर सारखा केला, खिडकीकडं सरकू पाहिलं, पण सरकायला जागाच नव्हती. मग तिच्या ध्यानात आलं, की माणूस किती हलका लागतोय. एवढी पोती उचलणारा माणूस, आणि डोक्याला वजनच नाही. त्यांच्या कानामागं, कितीही धुतलं तरी न निघणारा पेंडीचा वास होता. तिनं खांदा तसाच राहू दिला. चौफुल्याला कंडक्टरनं हाळी दिली तेव्हा आप्पा जागे झाले, काय झालं ते त्यांना कळलं, आणि तिच्याकडं न बघता ते घाईनं खाली उतरले.

भांडगावात आण्णा पडवीत खाटेवर बसले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी. प्रतिभा आत चहाला गेली. कप घेऊन दारापर्यंत आली तर दोघा व्याह्यांचं बोलणं कानावर आलं.

"पाव्हणं, सुटला का न्हाई कारखान्यातनं?" आण्णा विचारत होते.

"कुठलं सुटतोय. मे महिन्यात माझं भरलं व्हतं. कायच कळवलं न्हाई."

"मग इच्चारायचं की."

"कुणाला इच्चारू? पयलं जालिंदर भाऊसाहेब व्हते, ते बोलवायचे. आता ते काम आमच्या सूनबाईच्या कॉम्प्युटरवर हाय." आप्पा खोकले. "म्हनलं, तिनंच ठिवून घेतलं आसंल. घरात म्हातारा दिवसभर बसला म्हंजी अडचनच. दोन खोल्या, रविराजची रातपाळी, ल्हान पोरगं. तिचंबी बरोबरच हाय."

"अवं, मग तिलाच सरळ बोला की."

"काय बोलू? मला काढ म्हनू? लाज वाटती ओ."

प्रतिभा दारातच थांबली. चहावर साय धरली. मग ती बाहेर गेली, दोघांच्या हातात कप दिले आणि आत येऊन चुलीपाशी बसून राहिली. आई काहीतरी बोलत होती, ती हं हं म्हणत होती. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त लाज. आप्पा म्हणाले ते खोटं होतं. पण मागं एकदा, असंच कंटाळून, ती रविराजला म्हणाली होती की आप्पा घरी बसायला लागले तर या दोन खोल्यांत कसं व्हायचं. भिंती पातळ होत्या. ते त्यांनी ऐकलं असेल का, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

परत येताना गाडीत दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात अकरापर्यंत वीज नव्हती. वीज आल्याबरोबर तिनं पहिल्यांदा आप्पांची नोंद उघडली. जन्मतारखेपुढं होतं: ०१-०१-१९७०. ऑपरेटरनं चुकीचं भरलं म्हणून तिनं पत्र्याच्या कपाटातून कार्ड काढलं. कार्डावर एक जून एकोणीसशे सेहेचाळीस. तिनं तारीख पुसून नव्यानं घातली, जतन केली, पुन्हा उघडली. ०१-०१-१९७०. पुन्हा घातली. पुन्हा तेच.

मग तिनं हौसरावांची नोंद पाहिली. हौसराव आप्पांचे सोबती, काट्यावर वजन करायला असायचे. तेही एक जानेवारी सत्तर. त्याखालचाही तसाच. तिनं तारखेबरोबर वेळही दाखवायला सांगितली, आणि पडद्यावर एकाखाली एक माणसं उभी राहिली. हॉपरवरचे, काट्यावरचे, बॉयलरवरचे, सगळे जुने कामगार एकाच दिवशी, पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटं आणि एकोणसाठ सेकंदांनी जन्मलेले. कारखान्यात म्हातारं असं कोणी उरलंच नव्हतं. आप्पा रविराजपेक्षा चारच वर्षांनी मोठे होते.

तिनं पुस्तक काढलं. पूर्वी ते पान तिनं ओलांडून पुढं उडी मारली होती. तिथं लिहिलं होतं की ही भाषा तारीख म्हणजे एक जानेवारी सत्तरपासून उलटलेले सेकंद समजते, आणि त्याआधीची तारीख घातली तर ऑफिसातल्यासारख्या विंडोजच्या मशीनवर तिला ती कळत नाही. कळली नाही की ती नुसतं 'उणे एक' म्हणते. उणे एक म्हणजे आरंभाच्या एक सेकंद आधी. इंग्लंडच्या मध्यरात्री आपल्याकडं पहाटेचे साडेपाच, म्हणून तो एक सेकंद कमी साडेपाचचा जन्म. प्रतिभानं तपासताना स्वतःची तारीख घातली होती अठ्ठ्याहत्तरची, रविराजची चौऱ्याहत्तरची. भाषेला ओळखीचीच माणसं तिनं तिच्यापुढं उभी केली होती. हे सारे म्हातारे दोन हजार अठ्ठावीस सालापर्यंत पोती उचलत राहिले असते आणि यादी दर महिन्याला सांगत राहिली असती, कोणी नाही.

ती साहेबांकडं गेली. निंबाळकरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"म्हणजे मेपासून एकही माणूस रिटायर झाला नाही?"

"नाही साहेब."

"मला वाटलं, यंदा कोणी बसतच नसेल त्यात. मीही बघितलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "बोर्डाला मी सांगतो. महिनाअखेरीला सगळ्यांना मोकळं करू. तुझे सासरेपण त्यात आहेत ना?"

"आहेत. पण साहेब, ज्यांना राहायचंय त्यांचं काय?"

"अगं, नियम आहे. आता डोळ्यावर आल्यावर कसं ठेवू?"

प्रोग्रॅम दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही. त्या भाषेची तयार तारीख तिनं वापरायचीच सोडली. दिवस, महिना, साल असे तीन साधे आकडे वेगवेगळे ठेवले आणि सालात अठ्ठावन्न मिळवले. या वेळी तिनं सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं आणि सगळ्यात तरुण पोराचं, दोघांचंही तपासून पाहिलं. बरं झालं पाहिलं, कारण जुन्या रीतीनं त्या पोराची निवृत्तीची तारीखही बिघडली असती. दोन हजार अडतीसच्या पुढचंही त्या भाषेला समजत नव्हतं. यादी उघडली. सात-आठ नावं आली. तिनं ती वाचली आणि खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. चूक सापडल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता, पण तेवढी ताकद नव्हती.

संध्याकाळी आप्पा हातपाय धुऊन बसल्यावर ती म्हणाली, "आप्पा, मी तुम्हाला ठेवून घेतलं नव्हतं."

आप्पांचा हात पंच्यावरच थांबला. "तुला कुनी सांगितलं?"

"भांडगावला मी दारात होते."

झुंबरबाई दोघांकडं बघू लागल्या. मग प्रतिभानं सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. कॉम्प्युटरला सत्तर सालाआधीचं काही माहीतच नाही, म्हणून त्याच्या लेखी तुम्ही सगळे सत्तर साली जन्मलात.

"सत्तर साली तर माझं लगीन झालं व्हतं," आप्पा म्हणाले.

"म्हंजी मी पाळण्यातल्या नवऱ्याला हळद लावली म्हनायची," झुंबरबाई म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. त्यांना तिच्या बोलण्यातलं एवढंच कळलं होतं, की धनी आता घरी बसणार.

आप्पाही जरा हसले. मग म्हणाले, "तसं मास्तरानं लिवलेलंबी खरं न्हाई. आमचा मेंढरांचा तळ दौंडच्या खाली, भीमेच्या काठाला व्हता, तवा मी झालो म्हनायची आई. म्हंजी कवा, ते तिलाबी सांगता यायचं न्हाई. मास्तराच्या तारकंपरास दोन-तीन वर्सं आदीच आसंल." थोडं थांबून, खाली बघत त्यांनी विचारलं, "मग कवा सुटायचं?"

"महिनाअखेरीला."

"बरं," ते म्हणाले. आणि पुन्हा एकदा, कुणाला तरी सांगितल्यासारखं, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसराव दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांची मालकीण जाऊन वर्षं झाली होती, दोन्ही पोरं पिंपरीकडं. ते सरळ प्रतिभाकडं बघून बोलले.

"पोरी, तुझं काय नुकसान व्हत हुतं? मशीन चुकलं हुतं, तर चुकू द्यायचं."

"मामा, कधीतरी कळलंच असतं ते."

"कळलं आसतं तवा कळलं आसतं. काट्यावर बसलो की धा माणसं भेटत्यात. गाडीवालं बोलत्यात. घरी बसून मी भिताडासंगं बोलू का?"

प्रतिभाच्या हातातलं पीठ वाळत चाललं होतं. आतून आप्पा आले, भिंतीला धरून.

"हौसराव, तिला नगं बोलूस. मी दमलोय रं. तू न्हाईस दमलास, तर त्यात तिचा काय गुना?"

"तुझ्यापायी आमी सगळी घरी बसायची?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "माझ्यापायी म्हन. पर तिला नगं."

हौसराव टोपी नीट करून निघून गेले. कारखान्यात दुपारपर्यंत बोभाटा झाला की सुनेनं सासऱ्याला घालवलं आणि सोबत सगळ्यांना घालवलं. ती पाणी प्यायला मधल्या शेडमधून निघाली की बोलणारी माणसं गप्प होऊ लागली. प्रतिभानं घरून बाटली न्यायला सुरुवात केली.

महिनाअखेरीला गोदामापुढं मांडव घालून निरोप दिला. प्रत्येकाला शाल, नारळ, हार. साहेबांनी भाषण केलं, त्यात कॉम्प्युटरचा उल्लेख केला नाही. आप्पांनी दोन शब्द बोलावेत म्हणून माईक पुढं केला तर त्यांनी नुसते हात जोडले. हौसरावांनी नारळ घेतला, शाल घडी मोडू न देता काखेत मारली आणि चहाला न थांबता मागच्या फाटकानं निघून गेले.

त्यानंतर आप्पा झोपले. दिवसा झोपायचे, जेवले की झोपायचे, कुणी हाक मारली की ओ द्यायचे आणि पुन्हा झोपायचे. झुंबरबाई घाबरून मधूनच त्यांच्या नाकापुढं हात धरायच्या. दोन खोल्यांत अडचण झालीच. रविराजला दिवसाची झोप मिळेना, तो एक-दोनदा चिडला, मग आप्पा अंथरूण घेऊन बाहेर निंबाखाली जाऊ लागले. खोकला पुरता गेला नाही, पण कमी झाला. हौसरावांना कारेगावात एका गोदामावर राखणदारीचं काम मिळालं. पुढं एकदा बाजारात प्रतिभा समोर आली तेव्हा ते थांबले, "बरं हाय का समद्यांचं?" एवढं विचारलं आणि तिचं उत्तर ऐकायच्या आत पुढं गेले.

फेब्रुवारीत साहेबांनी तिला बोलावलं. हजेरीसाठी पंचिंगचं मशीन येणार होतं. रातपाळीचा माणूस आज आत येतो आणि उद्या बाहेर पडतो, त्याची हजेरी कोणत्या तारखेला धरायची, ते तिनं कॉम्प्युटरवर बसवायचं होतं.

"करशील ना?" साहेबांनी विचारलं.

"करते," ती म्हणाली. "पण तपासायला वेळ द्या या खेपेला. घाई केलेलं मला नको आता."

साहेबांनी मान हलवली. देतील की नाही, ते त्या मान हलवण्यावरून कळत नव्हतं.

ती घरी पोचली तेव्हा आप्पा अंगणात बाजेवर बसले होते आणि स्वराज त्यांच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करत होता. भुवया तशाच पांढऱ्या, पण चेहऱ्यावर जरा मांस धरलं होतं. प्रतिभानं पिशवी खाली ठेवली आणि चपला न काढताच उंबऱ्यावर टेकली.

"दमलीस का गं?" आप्पांनी विचारलं.

नाही म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं, सवयीनं.

"व्हय आप्पा," ती म्हणाली. "लई दमले."

"बस मग थोडी," आप्पा म्हणाले आणि स्वराजला पाठीवरून उतरवून त्यांनी मांडीवर घेतलं. आत झुंबरबाईंनी स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली.